मुंबईच्या प्लेगचा आलेख पुन्हा मांडताना: अवकल समीकरणं वापरायची कशी

१९०५ चा डिसेंबर. मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला मोजकीच माणसं मरत होती. एप्रिलच्या मध्याला हा आकडा आठवड्याला नऊशेच्या आसपास गेला आणि जुलै येईपर्यंत पुन्हा मोजक्यावर उतरला. कागदावर मांडलं तर देवळातल्या घंटेसारखा आकार दिसतो: हळू चढ, मग उभा चढ, माथा आणि तसाच उतार.

१९२७ मध्ये एडिनबर्गच्या दोघांनी या घंटेला समीकरण दिलं. विल्यम केरमॅक हा रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेला. अँडरसन मॅकेंड्रिक हा डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षं काढलेला. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या मुंबईच्या साप्ताहिक मृत्यूंचा आलेख आहे. कोविडच्या काळात टीव्हीवर जी 'मॉडेल' आपण ऐकली, त्यांतल्या बऱ्याच जणांची वंशावळ या निबंधापाशी जाते.

अवकल समीकरण शिकवताना पाठ्यपुस्तकं बहुधा सोडवण्यापासून सुरुवात करतात: चल वेगळे करा, समाकलन करा, स्थिरांक लिहा. खरं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं असतं. समोरच्या गोंधळातून समीकरण उभं कसं करायचं, आणि उत्तर जुळल्यावर त्यावर विश्वास किती ठेवायचा? या लेखात तेच करू, मुंबईच्या प्लेगवर. बारावीपर्यंतचं गणित आणि एक स्प्रेडशीट एवढं पुरेल.

आधी प्रश्न, मग समीकरण

'प्लेगचं मॉडेल बनवायचं आहे' हा प्रश्न नव्हे. 'दर आठवड्याचे मृत्यू असे का चढले आणि असेच का उतरले?' हा प्रश्न. फरक एवढाच की दुसऱ्यात मोजायची राशी ठरलेली आहे (आठवड्याचे मृत्यू), काळाचं एकक ठरलेलं आहे (आठवडा) आणि उत्तर चुकलं तर कशावरून कळेल तेही ठरलेलं आहे.

प्रश्न ठरला की काय गाळायचं तेही ठरतं. वय, जात, चाळ, पेठ, उपास, औषध या सगळ्यांचा साथीशी संबंध होता. पण मांडवीत काय झालं आणि परळला काय झालं हे आपण विचारत नाही आहोत, तेव्हा शहराचे तुकडे करायची गरज नाही. सुरुवातीला जितकं गाळता येईल तितकं गाळा. नंतर एकेक गोष्ट परत घेता येते. उलट्या दिशेने जाणारा माणूस दहा प्राचलं (मॉडेलमध्ये आपण ठरवून घालायचे आकडे) असलेल्या मॉडेलमध्ये अडकतो आणि कुठल्या प्राचलामुळे काय होतंय हे त्याला सांगता येत नाही.

डबे आणि बाण

आता कागदावर तीन डबे काढा.

पहिला डबा न: निरोगी, पण लागण होऊ शकेल असे लोक.
दुसरा ब: बाधित, म्हणजे सध्या आजारी असलेले.
तिसरा ग: साथीतून गेलेले, बरे होऊन किंवा मरून.

'न'कडून 'ब'कडे एक बाण आणि 'ब'कडून 'ग'कडे दुसरा. बस. गावी परत गेलेले, नव्याने आलेले, जन्मलेले, इतर कारणांनी मेलेले हे सगळे बाण आपण जाणूनबुजून काढले नाहीत. मात्र न काढलेल्या बाणांची यादी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मॉडेल फसलं की पहिला संशय याच यादीवर घ्यायचा असतो.

अवकल समीकरण म्हणजे या डब्यांची जमाखर्चाची वही. प्रत्येक डब्यासाठी एक ओळ: आत येणारं वजा बाहेर जाणारं, म्हणजे त्या क्षणी डबा किती वेगाने भरतोय किंवा रिकामा होतोय. साधं समीकरण 'किती आहे' ते सांगतं, अवकल समीकरण 'किती वेगाने बदलतंय' ते सांगतं. निसर्गाचे आणि बाजाराचेही बरेच नियम आपल्याला वेगाच्या भाषेतच ठाऊक असतात. गरम चहा खोलीपेक्षा जितका जास्त गरम तितका लवकर निवतो, रक्तात औषध जितकं जास्त तितकं ताशी जास्त बाहेर पडतं, आणि मुद्दल जितकं मोठं तितकं व्याज मोठं. म्हणून तर ही समीकरणं इतक्या ठिकाणी चालतात.

प्रत्येक बाणावर नियम

सोपा बाण आधी. आजारी माणूस सरासरी किती दिवस आजारी राहतो? उपचाराविना प्लेगमध्ये साधारण आठवडाभर धरू. म्हणजे दर आठवड्याला 'ब' डब्यातून 'ब'च्या प्रमाणात माणसं बाहेर पडतात. या प्रमाणाला व म्हणू. सरासरी मुक्काम एक आठवडा असेल तर व = १ प्रति आठवडा, दोन आठवडे असेल तर ०.५, साडेतीन दिवस असेल तर २. मुक्काम आणि दर एकमेकांचे व्यस्त असतात, हे पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः पडताळा, पुढे फार उपयोगी पडतं.

अवघड बाण लागणीचा. नवी लागण व्हायला दोन माणसं लागतात, एक आजारी आणि एक निरोगी. आजारी दुप्पट झाले तर भेटी दुप्पट, निरोगी निम्मे उरले तर भेटी निम्म्या. म्हणून नवी लागण दोघांच्या गुणाकाराच्या प्रमाणात धरायची. शहराची एकूण लोकसंख्या ए आणि लागणीचा दर ल धरला तर वही अशी दिसते:

न च्या बदलाचा वेग = − ल × न × ब ÷ ए

ब च्या बदलाचा वेग = ल × न × ब ÷ ए − व × ब

ग च्या बदलाचा वेग = व × ब

लगेच दोन तपासण्या करा. पहिली, तिन्ही ओळींची बेरीज शून्य येते का? येते. माणूस एका डब्यातून दुसऱ्यात जातो, हवेत विरत नाही. दुसरी, एककं. डावीकडे 'माणसं प्रति आठवडा' आहे. उजवीकडे न × ब ÷ ए म्हणजे माणसं × माणसं ÷ माणसं, म्हणजे माणसं. त्याला 'प्रति आठवडा'ने गुणलं की जमलं. ÷ ए विसरलात तर एककं जुळत नाहीत आणि चूक जागच्या जागी सापडते.

एककांबद्दल मी जरा कटकट्या झालो आहे, त्याला कारण आहे. एकदा मी साप्ताहिक तक्त्यात दैनंदिन दर टाकून बसलो होतो. साथ सात पट सुस्त झाली आणि मी दोन संध्याकाळी 'ही साथ इतकी सौम्य का' याची मोठी मार्मिक कारणं शोधत राहिलो. प्रत्येक प्राचलाशेजारी त्याचं एकक लिहायला दोन सेकंद लागतात.

सोडवणं: वहीची पुढची ओळ

ही तीन समीकरणं एकत्र सोडवून नेहमीच्या फलनांत नेटकं उत्तर निघत नाही. केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी साथ लहान आहे असं धरून घातांकी फलनाच्या पहिल्या तीन पदांवर थांबून वाट काढली. आपल्याकडे संगणक आहे, आपण सरळ पायरीपायरीने जाऊ. पद्धत ऑयलरची, अठराव्या शतकातली: आत्ताची स्थिती + बदलाचा वेग × छोटा कालखंड = पुढची स्थिती.

स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: काळ, न, ब, ग. पहिल्या ओळीत सुरुवातीची स्थिती, तिच्याखाली सूत्र, आणि सूत्र खाली ओढत न्या. प्राचलं (ल, व, ए) आणि कालखंड वरच्या स्वतंत्र सेलमध्ये ठेवा. सूत्राच्या पोटात आकडा टंकलात तर तो नंतर सापडत नाही.

एक पायरी हाताने करून पाहू. मुंबईची १९०१ च्या जनगणनेतली लोकसंख्या ७,७६,००६ होती; सोयीसाठी ए = ८,००,००० धरू. सुरुवातीला ब = २०, ल = १.४, व = १, आणि कालखंड एक दिवस, म्हणजे १/७ आठवडा. पहिल्या दिवशी नवी लागण १.४ × २० ÷ ७ = ४ (न ÷ ए जवळजवळ १ आहे). बाहेर पडणारे २० ÷ ७ = २.८६. म्हणजे ब = २१.१४. दुसऱ्या दिवशी २२.३५. अपूर्णांकी माणसं दिसली म्हणून बिचकू नका, हे सरासरीचं गणित आहे. मात्र आजारी चार-पाचच असतील तेव्हा अशा गणितावर भिस्त ठेवू नये. एखादा रुग्ण कुणालाच लागण न देता गेला तर साथ सुरूच होत नाही, आणि ती शक्यता या समीकरणात नाही.

कालखंड किती छोटा घ्यायचा? लागण बंद करून (ल = ०) फक्त १०० रुग्ण घ्या, व = १. आठवड्यानंतर खरं उत्तर ३६.८ येतं. ऑयलरने पूर्ण आठवड्याची एकच पायरी घेतली तर उत्तर शून्य. अर्ध्या आठवड्याच्या दोन पायऱ्यांत २५. रोजची पायरी घेतली तर ३४. आठवड्याचे शंभर तुकडे केले तर ३६.६. आणि दोन आठवड्यांची एक पायरी घेतलीत तर वजा शंभर रुग्ण! नियम साधा: कालखंड निम्मा करा. उत्तर लक्षात येण्याइतकं बदललं तर आणखी निम्मा करा, बदललं नाही तर पुरे. पुढे जाऊन चांगल्या पद्धती शिकाल, रुंगे-कुट्टा वगैरे, पण निम्मा करून पाहण्याची सवय त्यातही सोडू नका.

प्राचलं कुठून आणायची

ल = १.४ मी कुठून आणला? मृत्यूंच्या आलेखातून. केरमॅक-मॅकेंड्रिक यांचं सूत्र असं: आठवड्याचे मृत्यू = ८९० ÷ [कॉश(०.२क − ३.४)]². क म्हणजे आठवडा, आणि कॉश (COSH, हायपरबोलिक कोसाइन) हे फलन स्प्रेडशीटमध्ये आयतं मिळतं. (त्यांनी ते सेचच्या, म्हणजे १ ÷ कॉशच्या, वर्गाच्या रूपात लिहिलंय, गोष्ट एकच.) ३.४ ÷ ०.२ = १७, म्हणून माथा सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. सूत्राने पाचव्या आठवड्याला २९ आणि दहाव्याला १९२ मृत्यू येतात.

साथीच्या सुरुवातीला जवळजवळ सगळेच 'न' मध्ये असतात, तेव्हा दुसरी ओळ साधी होते: ब च्या बदलाचा वेग = (ल − व) × ब. ही चक्रवाढ. आणि चक्रवाढीचा दर काढायचा तर लॉगरिदम घ्या: १९२ ÷ २९ चा नैसर्गिक लॉग सुमारे १.९, भागिले ५ आठवडे, म्हणजे ०.३८. सूत्राच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला हा दर ०.४ कडे झुकतो. म्हणजे मृत्यू साधारण बारा दिवसांत दुप्पट. तुमच्याकडे खऱ्या नोंदी असतील तर त्यांचा लॉग मांडून सुरुवातीच्या सरळ भागाला रेषा लावा, तेच काम.

इथे एक खड्डा आहे. आलेख फक्त ल − व सांगतो, दोन्ही वेगळे सांगत नाही. १.४ − १, २.४ − २ आणि ०.९ − ०.५ या तिघांचीही सुरुवात हुबेहूब सारखी. म्हणून 'व' दुसरीकडून यावा लागतो: दवाखान्यातल्या नोंदी, आजाराचा सरासरी काळ. एकाच आलेखातून दोन्ही काढल्याचा दावा कुणी केला तर विचारा, दुसरी माहिती कुठून आणलीत?

व = १ धरला तर ल = १.४. ल ÷ व म्हणजे एका रुग्णाकडून सुरुवातीला सरासरी १.४ जणांना लागण. कोविडमध्ये 'आर नॉट' म्हणून रोज कानावर पडायचा तो हाच आकडा.

आता मॉडेलला उलटतपासणी

स्प्रेडशीट पुरी चालवा. ए = ८ लाख, ल = १.४, व = १. घंटा येते, सुंदर घंटा. इथेच बरेच जण थांबतात.

उंची पाहा. माथ्यावर एकाच वेळी शहरातले साडेचार टक्के लोक आजारी, म्हणजे सुमारे ३६,००० जण, आणि तितकेच त्या आठवड्यात डब्याबाहेर. नोंदीतला आकडा नऊशेच्या आसपास. चाळीस पट फरक! आणि साथ संपेपर्यंत शहरातल्या ५१ टक्के लोकांना लागण होऊन जाते, म्हणजे चार लाख. सूत्राच्या घंटेखालचं क्षेत्रफळ मोजलं तर एकूण मृत्यू सुमारे ८,९०० भरतात. प्लेगच्या रुग्णांतले ८०-९० टक्के दगावत होते, तेव्हा लागण झालेले फार तर अकरा हजार.

'व' चुकला असेल? करून पाहा. व = ०.५, ल = ०.९ घेतलं तर ७३ टक्के लोकांना लागण. व = २, ल = २.४ घेतलं तर ३१ टक्के. कसंही फिरवा, लाखांतच आकडे.

मग जुळवायचंच असेल तर? ए बदला. ए = १७,४०० केलं की माथा सुमारे ७९० वर येतो, एकूण ८,९०० च्या आसपास, आणि घंटा नोंदींवर छान बसते. आठ लाखांच्या शहरात सतरा हजारच लोकांना प्लेग होऊ शकत होता, असं मानायला तुम्ही तयार असाल तर.

मॉडेल बनवण्याच्या कामातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा क्षण हा. आकार जुळला, आकारमान जुळलं नाही. या मॉडेलमध्ये साथ उतरते ती एकाच कारणाने, लागण व्हायला निरोगी माणसं पुरेशी उरत नाहीत म्हणून. पण मुंबईत शेकडा अठ्ठ्याण्णव माणसं शिल्लक होती. म्हणजे साथ उतरण्याचं कारण माणसं संपणं हे नव्हतं.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांना याची जाण होती. त्यांनी लिहिलंय की आपण माणसांतल्या प्लेगला उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब मानतो आहोत, डबे उंदरांचे आहेत. सगळ्या उंदरांना लागणीची सारखीच शक्यता, पिसवा इतक्या की जणू स्पर्शानेच लागण, दर साथभर स्थिर, अशी गृहीतकं त्यांनी एकेक मांडली आणि यातलं एकही काटेकोर खरं नाही, तेव्हा या स्थिरांकांवरून निष्कर्ष काढू नयेत असंही बजावलं. पुढच्या काळात ही घंटा पुस्तकापुस्तकांत छापली गेली, आणि हा इशारा तिच्यासोबत फारसा छापला गेला नाही.

दुसरी गोष्ट, तीच घंटा

कोपऱ्यातली न काढलेल्या गोष्टींची यादी आता उघडा. मी पहिल्यांदा ऋतू उचलेन. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो आणि पिसवांचं मान हवेवर असतं. तेव्हा 'ल' वर्षभर स्थिर धरणं हेच संशयास्पद.

नवं मॉडेल मुद्दाम टोकाचं करू. निरोगी माणसं संपतच नाहीत असं धरा (न ÷ ए नेहमी १). मात्र वाढीचा दर, ल − व, ऋतूप्रमाणे वरखाली होतो:

ल − व = ०.५५ × कोसाइन( २ × π × (क − ४) ÷ ५२ )

म्हणजे चौथ्या आठवड्यात, जानेवारीच्या मध्याला, वाढ सर्वांत जोरात. सतराव्या आठवड्यात शून्य, त्यानंतर उणे. ५२ कारण वर्षाचे आठवडे. ०.५५ आणि ४ मी हाताने निवडले, माथा सतराव्या आठवड्यात यावा आणि दहाव्या आठवड्याचा आकडा जुळावा म्हणून. माथ्याची उंची ८९० धरली. आता दोन्ही गोष्टींचे आकडे शेजारी ठेवा. पहिला आकडा केरमॅक-मॅकेंड्रिक सूत्राचा, दुसरा ऋतूच्या मॉडेलचा:

५ वा आठवडा: २९ आणि १६
१० वा आठवडा: १९२ आणि १९२
१५ वा आठवडा: ७६२ आणि ७८०
१७ वा आठवडा: ८९० आणि ८९०
२० वा आठवडा: ६३३ आणि ६६२
२४ वा आठवडा: १९२ आणि १९२
३० वा आठवडा: १९ आणि ९

शेपट्या सोडल्या तर भिंगातून पाहावं लागेल इतका फरक. एका मॉडेलमध्ये साथ शिकार संपल्याने मरते, दुसऱ्यात हवा पालटल्याने. कारणं एकमेकांशी संबंध नसलेली, घंटा एकच. आणि साप्ताहिक नोंदी जात्याच इतक्या वरखाली असतात की शेपटीतल्या दहा-बारा मृत्यूंवरून निवाडा करता येत नाही.

मग निवाडा कसा करायचा? दोन्ही मॉडेलना असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर दोघांकडे वेगळं असेल. इथे तो प्रश्न सोपा आहे: पुढच्या वर्षी काय? पहिल्या मॉडेलमध्ये साथ संपली की संपली. नवे निरोगी पुरेसे जमेपर्यंत ती परतत नाही, आणि परतली तरी ठरावीक महिन्यात येण्याचं कारण नाही. दुसऱ्यात ती दर वर्षी याच सुमाराला यायला हवी.

मुंबईत प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत उघड झाला. पुढे अनेक वर्षं तो दर हिवाळ्यात चढत राहिला आणि उन्हाळा सरता सरता उतरत राहिला. म्हणजे १९०५-०६ ची घंटा ही एकटी घंटा नव्हतीच, ती एका रांगेतली एक होती. केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी रांगेतली एक कापून घेतली. निकोला बकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात नेमका हाच मुद्दा धरला आणि ऋतू घेतल्याशिवाय मुंबईची साथ समजत नाही असं दाखवलं. पंच्याऐंशी वर्षांनी.

यातून हाताशी ठेवण्याजोगी एक सवय निघते. नोंदींचा एक तुकडा जुळवायला वापरा आणि दुसरा तुकडा दडवून ठेवा. १९०५-०६ वर प्राचलं बसवा, मग कुठलाही आकडा न बदलता १९०६-०७ चालवून पाहा. जुळवणुकीत जी मॉडेलं सारखी दिसतात, ती दडवलेल्या तुकड्यावर पटकन वेगळी पडतात. आणि कुणाचंही मॉडेल वाचताना पहिल्यांदा हे शोधा की या आलेखातले किती टिंब जुळवताना वापरलेत आणि किती नंतर आलेत.

दर ढकलून पाहा

मॉडेल टिकाव धरतंय असं वाटलं की प्रत्येक प्राचल दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली करून माथ्याची उंची आणि आठवडा टिपा. ऋतूच्या मॉडेलमध्ये, फरक ठळक दिसावा म्हणून जरा जास्तच ढकलून, ०.५५ ऐवजी ०.४ घेतलं तर दहाव्या आणि चोविसाव्या आठवड्याला १९२ ऐवजी सुमारे २९२ येतात, माथा मात्र जागचा हलत नाही. चौथ्याऐवजी सहावा आठवडा घेतला तर अख्खी घंटा दोन आठवडे सरकते. म्हणजे माथा कधी येईल ते ऋतूची तारीख ठरवते आणि घंटा किती रुंद ते ऋतूचा जोर ठरवतो. असं वाक्य मॉडेलकडून मिळालं की समजा, त्याने आपलं काम केलं. नुसता 'जुळलं' हा निकाल कुणाच्याच कामाचा नाही. शिवाय ज्या प्राचलाने उत्तर फारसं हलत नाही त्याच्या अचूकतेसाठी महिनोन् महिने झिजण्यात अर्थ नाही. मोजणीचा खर्च कुठे करायचा ते यावरून ठरवता येतं.

हीच पायरी औषधाच्या मात्रेला, तलावातल्या गाळाला किंवा गच्चीवरच्या टाकीलाही लावा. डबे बदलतील, बाणांवरचे नियम बदलतील. उलटतपासणी तशीच राहील, फक्त 'पुढच्या वर्षी काय' ऐवजी तिथला प्रश्न शोधावा लागेल. टाकीचा नळ अर्धा बंद केला तर तुमचं मॉडेल काय म्हणतं?

चौथा डबा

ज्यांना पुढे जायचं असेल त्यांनी आता उंदीर आत घ्यावेत. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या जागी, उंदीर आणि पिसवा तपासल्या. उंदरांतली साथ आधी चढते आणि माणसांतली तिच्या मागोमाग येते, हे त्यातून पुढे आलं. म्हणून डबे असे मांडा: निरोगी उंदीर, बाधित उंदीर, मोकळ्या सुटलेल्या बाधित पिसवा, आणि आजारी माणसं. माणसांच्या डब्यातला आत येणारा बाण आता माणसांकडून नाही, पिसवांकडून येतो. माणूस या साखळीचं शेवटचं टोक आहे, त्याच्याकडून परत बाण जात नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा 'मोकळ्या पिसवा' डब्यात जमा होतात, आणि त्या डब्याच्या बाहेर पडण्याच्या दराला ऋतू जोडा.

समीकरणं लिहून झाली की एकदा माणसांचा डबा झाकून ठेवा आणि उरलेल्या तीन ओळी वाचा. त्यांत माणसांची संख्या कुठेही येता कामा नये. आली असेल तर कुठला तरी बाण चुकीच्या डब्याला जोडला गेलाय.